स्वस्तातले विसरलेले स्लॅशर: त्यांत बघण्यासारखं आहे तरी काय?

रीळवाला (सांगली)
आधीच्या चर्चेत एक शेरा आला होता: १९८० च्या आसपासचे अनोळखी स्लॅशर सिनेमे, म्हणजे मुखवटा, सुरा, जंगलातलं शिबिर आणि एकेक करून मरणारी कॉलेजची पोरं, हा सगळा कचरा, आवडतात म्हणणारे नुसता शहाणपणा मिरवतात. त्यावर तिथे नीट बोलणं झालं नाही, म्हणून हा वेगळा धागा.

माझं म्हणणं असं की या सिनेमांत पैशाची चणचण लपत नाही, आणि तीच बघण्यासारखी असते. मुळात हा प्रकारच चणचणीतून घडला. 'हॅलोविन' (१९७८) तीन-सव्वातीन लाख डॉलरमध्ये झाला. खुन्याचा मुखवटा म्हणजे दुकानात मिळणारा 'स्टार ट्रेक'मधल्या कॅप्टन कर्कचा रबरी चेहरा. त्याला पांढरा रंग मारला, डोळ्यांची भोकं मोठी केली, झालं काम. गोष्ट ऑक्टोबरातली आणि शूटिंग कॅलिफोर्नियात वसंतात. मग रंगवलेली वाळकी पानं रस्त्यावर पसरायची आणि शॉट झाला की गोळा करून पुढच्या जागी न्यायची.

खुन्याच्या नजरेतून दिसणारा शॉट घ्या. समीक्षकांनी त्याच्यावर पानंच्या पानं लिहिली. हिशोबाच्या वहीत मात्र त्याचा अर्थ सरळ आहे: खुन्याचा नट त्या दिवशी बोलवायला नको, त्याचा मेकअप नको, समोरून दुसरा शॉट नको, आणि चेहरा दिसत नाही म्हणून रहस्यही फुकटात टिकतं.

'इन्ट्रूडर' (१९८९) बघा. एक सुपरमार्केट, एक रात्र, बाकी काही नाही. कॅमेरा सामानाच्या ट्रॉलीत बसवलाय, टेलिफोनच्या डायलमागे ठेवलाय. जागा बदलता येत नाही म्हटल्यावर कॅमेरा कुठे ठेवायचा एवढंच हातात उरतं, आणि तिथे त्यांनी डोकं चालवलंय. मोठ्या बजेटच्या सिनेमात हा विचार पैशाखाली दबून जातो.

माहुलीकर (सातारा)
'हॅलोविन' दाखवायचा आणि 'स्लेजहॅमर'सारखा व्हिडिओवरचा सिनेमा गळ्यात मारायचा, ही दुकानदारी झाली. 'हॅलोविन'ला विसरलेला कोण म्हणेल? विषय त्याच्या मागून आलेल्या रांगेचा आहे.

चणचणीने डोकं चालतं हे तुमचं गृहीतक रीळ असेपर्यंत चाललं. १६ मिमी रुंद फितीचं ४०० फुटी रीळ ११ मिनिटं चालतं, ३५ मिमीचं तेवढंच रीळ साडेचार मिनिटांत संपतं. रीळ महाग, धुलाईचा खर्च वेगळा, त्यामुळे प्रत्येक शॉट आधी कागदावर ठरवावा लागे. 'टेक्सस चेनसॉ' (१९७४) १६ मिमीवर काढून मग ३५ वर मोठा केला. त्याचा तो खरबरीत दाणा तिथून आला. हे सगळं कबूल.

पण व्हिडिओ आला आणि फुटेज जवळपास फुकट झालं. व्हिडिओ दुकानाला पूर्ण लांबीचा सिनेमा हवा, म्हणजे ८०-९० मिनिटं, आणि हातात गोष्ट पाऊण तासाची. मग काय करायचं? 'स्लेजहॅमर' (१९८३) मध्ये माणसं स्लो मोशनमध्ये चालतात, घराचा स्थिर शॉट संपता संपत नाही. चणचण इथेही आहे, पण तिने फक्त पाणी वाढवलंय.

रीळवाला
'स्लेजहॅमर'चं वकीलपत्र मी घेणार नाही. पण 'ब्लड कल्ट' (१९८५) घ्या. ओक्लाहोमातल्या तुल्सा गावी व्हिडिओवर काढला आणि थिएटरला न नेता सरळ व्हिडिओ दुकानांत पाठवला. त्यात १९८५ ची तुल्सातली खरी घरं आहेत, खऱ्या गाड्या, तिथल्या माणसांचं बोलणं. कलादिग्दर्शकाला पैसे नव्हते म्हणून गाव जसंच्या तसं आत आलं. आणखी एक फायदा: ओळखीचा एकही चेहरा नाही. स्टार असला की तो शेवटपर्यंत जगणार हे पोस्टरवरच कळतं. इथे कुणाचाच भरवसा नाही.

माहुलीकर
तुल्साचे पडदे आणि सोफे बघायला दीड तास? दहा फोटो पाठवा, भागेल.

पाचट (वाळवा)
माहुलीकर सर, गोष्ट बाजूला ठेवा. हातचं काम बगा.

'फ्रायडे द थर्टीन्थ' (१९८०) मधला बाणाचा शॉट. पोरगा कॉटवर पडलाय, खालनं बाण गळ्यातनं वर येतोय. खरा नट केव्हिन बेकन कॉटखाली गुडघ्यावर बसलेला, डोकं तेवढं गादीच्या भोकातनं वर. मान आन् छाती खोटी, टॉम साविनीनं बनवलेली. ऐन वक्ताला रक्ताच्या पंपाची नळी निसटली, तर सहायकानं नळी तोंडात धरून फुंकली. पडद्यावर रक्त बुडबुडत येतंय ते त्या फुंकरीचं. ह्ये कम्प्युटरवर काढलेल्या रक्तात कुटनं यायचं?

आपल्याकडची पोरं शॉर्टफिल्म करत्यात आन् टोमॅटो सॉस ओतत्यात. सॉसमधी बिया आन् गाठी दिसत्यात, वास बी लपत न्हाय. त्यापेक्षा असं करा. बेकरीचं सामान विकणाऱ्याकडनं लिक्विड ग्लुकोज १ किलो. कोमट पाणी दीडशे-दोनशे मिली. खायचा लाल रंग १ सपाट चहाचा चमचा, कोको पावडर १ मोठा चमचा, निळ्या रंगाचं दोन-तीन थेंब. रंग आन् कोको आधी त्याच पाण्यात घोटून घ्या. कोरडं टाकलं तर गुठळ्या हुत्यात. नुसता लाल रंग पिवळ्या बल्बखाली नारिंगी दिसतो, म्हणून निळा आन् कोको. ज्या दिव्याखाली शूट हाय त्याच दिव्याखाली पांढऱ्या चिंधीवर लावून बगा, घरातल्या ट्यूबलाइटखाली न्हवं.

कपड्यावर ह्ये रक्त मण्यासारखं थांबतं, मुरत न्हाय. मेकअपवाल्या डिक स्मिथच्या जुन्या कृतीत त्यासाठी कोडॅकचं फोटो-फ्लो, म्हंजी फिल्म धुताना वापरायचं रसायन, घालायचे, पर ते विषारी, तोंडात चालत न्हाय. आपण भांडी घासायच्या लिक्विडचं चार-पाच थेंब टाकायचं आन् ती बाटली वेगळी ठेवायची, वर ठळक लिहून. तोंडातनं रक्त काढायचं तर बिनसाबणाची बाटली.

नळी ५-६ मिमीची घ्या. ३ मिमीच्या नळीतनं घट्ट माल सरकत न्हाय, मग पोरगं जोर लावतं आन् जोड उडतो. ५० मिलीची सिरिंज पुरती. नळी आधी टोकापर्यंत भरून घ्या, हवा राहिली तर रक्ताऐवजी फुसका आवाज येतो. आन् शूटिंगला खरा कोयता आणू नका, धार बोथट केली तरी नको. सनबोर्ड कापा, चंदेरी रंग मारा.

हळदबाजार (सांगली)
सांगलीत राहून लाल रंग विकत आणायचा? हळदीत चुना कालवला की लालभडक होतो.

पाचट
हुतो, पर टिकत न्हाय. चुना हाय तवरच हळद लाल. आंबट लागलं की परत पिवळी. घाम थोडा आंबटच असतो. दिव्यांच्या गरमीत कपाळावरचं रक्त कडेनं पिवळं पडाय लागतं. वर चुन्यानं कातडी चुरचुरती, डोळ्यात गेला तर शूटिंग सोडून दवाखाना.

मेणवली (वाई)
रक्ताची कृती छान, पण ते कुणाच्या अंगावर ओतलं जातं त्यावर सगळे गप्प. १९८० मध्येच सिस्केल आणि इबर्ट या अमेरिकन समीक्षकांनी टीव्हीवर एक अख्खा भाग या सिनेमांतल्या बायकांच्या हालांवर टीका करायला दिला होता. पोरगा मरतो तो एका झटक्यात. पोरगी मरते तेव्हा कॅमेरा रेंगाळतो. बजेट कमी होतं म्हणून असं झालं का? नाही. रेंगाळण्यालाही रीळ लागतंच की, आणि माहुलीकरांनी रिळाचा भाव आत्ताच सांगितला. म्हणजे पैसे तिथे मुद्दाम खर्च केले.

उलट बाजूही सांगते. शेवटी जिवंत उरणाऱ्या मुलीला 'फायनल गर्ल' हे नाव अभ्यासक कॅरल क्लोव्हर यांनी १९८७ च्या निबंधात दिलं. त्यांचा मुद्दा असा की मुलगे बसलेलं थिएटर सुरुवातीला खुन्याच्या नजरेने बघतं आणि शेवटी त्या मुलीच्या बाजूने ओरडतं. आणि 'द स्लंबर पार्टी मॅसकर' (१९८२) लिहिला रीटा मे ब्राऊन यांनी, दिग्दर्शन एमी होल्डन जोन्स यांचं. लिहिताना विडंबन होतं, काढताना बराचसा गंभीर झाला, त्यामुळे सूर मधूनच घसरतो. तरी त्यातल्या खुन्याच्या हातातलं ड्रिल कशाचं प्रतीक आहे हे शेंबड्या पोरालाही कळतं, आणि त्याचं शेवटी काय होतं ते बघा. बघायच्या सिनेमांची यादी करायचीच असेल तर त्याच्यापासून करा.

रीळवाला
मेणवलीताई, रेंगाळण्याचा मुद्दा मान्य. त्याला चणचणीचं कारण देता येत नाही.

गिरिस्थान (महाबळेश्वर)
अमेरिकेला कशाला जाता? हिंदीत भुताखेतांचे सिनेमे काढणाऱ्या रॅमसे बंधूंचा 'दो गज जमीन के नीचे' (१९७२) इथे महाबळेश्वरातच झाला. कुमार यांची पटकथा, गंगू यांच्याकडे कॅमेरा, किरण यांच्याकडे आवाज, तुलसी आणि श्याम दिग्दर्शक. घरातली माणसं, म्हणून पगाराचा प्रश्न नाही.

माहुलीकर
जिल्ह्याचा अभिमान मलाही आहे, पण ते स्लॅशर नव्हेत. रॅमसेंचा सगळा कारभार मढी, हवेली, शाप आणि त्रिशूळ यांच्यावर, वर गाणी. स्लॅशरमध्ये खुनी बहुतेक हाडामांसाचा माणूस असतो, आणि त्याच्यावर देव्हाऱ्यातला उपाय चालत नाही. चणचण सारखी म्हणून जात सारखी होत नाही.

रीळवाला
हे बरोबर. आता शेवटचा मुद्दा, कारण अर्धं भांडण चुकीची प्रत बघितल्यामुळे होतं. जुन्या व्हीएचएस व्हिडिओ कॅसेटवर आडव्या रेषेत जेमतेम २४० ओळींचा तपशील उरतो. रात्रीचे प्रसंग त्यात काळ्या चिखलासारखे दिसतात, मग आपण म्हणतो की यांना प्रकाशयोजना येत नव्हती. मूळ निगेटिव्हवरून स्कॅन केलेली प्रत बघितली की झाडामागचा निळा दिवा, खिडकीतला उजेड, सगळं दिसतं. शिवाय कापाकापी. 'माय ब्लडी व्हॅलेंटाइन' (१९८१) अमेरिकेत इतका कापला होता की खुनाचे प्रसंग सुरू होताच संपत. बराचसा भाग २००९ मध्ये परत जोडला. तो जोडलेला भाग रंगाने वेगळा दिसतो, त्याने बिचकू नका. 'इन्ट्रूडर'चीही अमेरिकेतली जुनी कॅसेट कापलेली होती, तिच्यावरून मत बनवू नका.

माहुलीकर
स्वच्छ प्रतीत दिवा दिसेल. पण त्याच प्रतीत खोट्या मानेचा जोडही दिसेल, जो कॅसेटच्या धुरकटपणात झाकला जात होता. त्याचं काय?

पाचट
जोड दिसला तर दिसू द्या की! लॅटेक्सची, म्हंजी रबरी कातडीची, कड पातळ करून स्पिरिट गमनं (मेकअपच्या डिंकानं) बसवली हाय का नुसती चिकटवली, ह्ये बगायलाच तर आमी पॉज करतो.