मदत हवी आहे : कृत्रिम मूलद्रव्यांना 'धातू' ठरवण्याचा निकष कोणता?

नमस्कार मंडळी,

आवर्तसारणीचा एक मोठा भिंतीवरचा तक्ता तयार करत आहे. त्यात धातू, धातुसदृश आणि अधातू यांना वेगवेगळे रंग द्यायचे आहेत. संदर्भासाठी घेतलेले तक्ते शेवटच्या ओळीत एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून हा प्रश्न.

मूलद्रव्य कृत्रिम आहे एवढ्यावरून अडचण येते असे नाही. टेक्नेशियम १९३७ साली इटलीतील पालेर्मो येथे, सायक्लोट्रॉनमध्ये (कणांना वेग देणाऱ्या यंत्रात) मारा झालेल्या मॉलिब्डेनमच्या पट्टीतून ओळखले गेले. आज ते वापरलेल्या अणुइंधनातून वेगळे करता येते आणि त्याचा चकाकी असलेला तुकडा समोर ठेवता येतो. आइन्स्टाइनियमचेही डोळ्यांना दिसतील असे, अत्यल्प का होईना, नमुने तयार झालेले आहेत. खरा पेच फर्मियमपासून, म्हणजे अणुअंक १०० पासून सुरू होतो, कारण तेथून पुढच्या एकाही मूलद्रव्याचा शुद्ध धातुरूप नमुना कोणी पाहिलेला नाही. चकाकी, वर्धनीयता, विद्युतवाहकता हे गुण असंख्य अणू एकत्र आल्यावर प्रकट होतात. एकट्या अणूला वीजवाहक म्हणण्यात काही अर्थ नाही.

हॅसियमच्या (१०८) मोजक्या अणूंपासून २००१ मध्ये टेट्रॉक्साइड (चार ऑक्सिजन अणू असलेले संयुग) तयार करण्यात आले आणि त्याचे वर्तन आठव्या गणात त्याच्या वर बसणाऱ्या ऑस्मियमच्या टेट्रॉक्साइडशी मिळतेजुळते निघाले. यावरून हॅसियम आठव्या गणातले आहे हे पटते. पण ते धातू आहे हे त्यातून थेट सिद्ध होते, की केवळ वरच्या भावंडांवरून केलेले अनुमान आपण तक्त्यात रंगवतो?

कोपर्निसियमच्या (११२) बाबतीत गोंधळ दुहेरी आहे. ते बाराव्या गणात, पाऱ्याच्या खाली बसते, सोन्याचा मुलामा दिलेल्या पृष्ठभागावर त्याचे अणू चिकटतात खरे, पण ते अतिशय बाष्पनशील (सहज वाफ होणारे) असल्याचेही त्याच प्रयोगांत दिसले. शिवाय संक्रामक धातूंसाठीची, डी-उपकवच (अणूतील इलेक्ट्रॉनांचा एक उपथर) अपूर्ण असण्याची अट काटेकोरपणे लावली, तर याच गणातले जस्त आणि कॅडमियम संक्रामक धातूंत बसत नाहीत. मग काही तक्ते कोपर्निसियमला संक्रामक धातूंचाच रंग कशाच्या आधारे देतात?

ओगानेसॉन (११८) तर निष्क्रिय वायूंच्या गणात आहे, आणि गणितावरून मात्र ते नेहमीच्या तापमानाला स्थायू, कदाचित अर्धवाहकही असावे असे दिसते. त्याच्या ज्ञात समस्थानिकाचे अर्धायुष्य एक मिलिसेकंदापेक्षाही कमी असल्याने पडताळा घेण्याचा प्रश्नच येत नाही. (निसर्गात लेशमात्र सापडणाऱ्या अ‍ॅस्टाटीनचीही हीच गत आहे: दिसेल एवढा तुकडा जमवलाच, तर स्वतःच्या किरणोत्साराच्या उष्णतेने त्याची वाफ होईल.)

माझा कल असा आहे की फर्मियमपासून पुढे, तसेच अ‍ॅस्टाटीनसाठी, पूर्ण रंगाऐवजी रेघांचा रंग वापरावा आणि सूचीत 'गणावरून किंवा गणनेवरून अपेक्षित' असे लिहावे. तथापि ज्यांची रासायनिक चाचणी झालेली आहे, त्या हॅसियमसारख्या मूलद्रव्यांना याच रांगेत बसवणे त्यांच्यावर अन्याय करणारे ठरेल का, याबद्दल साशंक आहे. असेंद्रिय रसायनशास्त्राचा किंवा अणुरसायनशास्त्राचा अभ्यास असलेल्या सदस्यांनी दोन गोष्टी कृपया स्पष्ट कराव्यात: 'धातू' ठरवण्यासाठी अणूची इलेक्ट्रॉन संरचना पुरेशी मानली जाते की स्थायूरूपातील गुणधर्म आवश्यकच असतात, आणि बाराव्या गणाला कोणत्या रंगात ठेवणे अधिक ग्राह्य आहे?