माळ्यावरचे रुमाल : दप्तरखान्यात द्यावेत की घरीच ठेवावेत?

खानापूरकर (धागाकर्ता): जुन्या घराची कौलं उतरवताना माळ्यावर तीन रुमाल, म्हणजे कापडात बांधलेली जुन्या कागदांची गाठोडी, सापडले. पणजोबांकडं गावचं कुलकर्णीपण होतं. सगळं मोडीत. एका रुमालाची वाळवीनं पार चाळण केलीय, उचलला की माती गळते. ओळखीच्या मास्तरांनी एक पान वाचून दिलं: मीठ, दोन घोंगड्या, कुणाकडं किती भात उसनं. माझं मत, हे सरकारी पुराभिलेखागारात द्यावं. पुण्यात पेशवे दप्तराची इमारत १८९१ पासून उभी आहे, आमचा माळा पुढचा पावसाळासुद्धा काढणार नाही.

रोखठोक: उसन्या भाताचा हिशोब जपून काय करणार? आपल्याकडं कागद कमी पडले म्हणून अडलंय का? सीमावादावर १९६७ चा महाजन अहवाल आहे, २००४ पासून सुप्रीम कोर्टात दावा आहे. गाठोडीच्या गाठोडी झाली, सुटलं काय? पोरं नोकरीला पुण्याला गेली. इथं कर्नाटकात जमिनीचा उतारा कन्नडात येतो, तो वाचायला शेजाऱ्याला हाक मारावी लागते, आणि तुम्ही मोडी घेऊन बसलाय.

विहीरवाला: रोखठोक, उतारा कन्नडात आहे म्हणूनच मागचा कागद लागतो की हो! आमच्या आजीची उताऱ्यावर लक्ष्मीबाईची लक्ष्मव्वा झाली. दोन्ही एकच बाई, हे सिद्ध करता करता वडिलांच्या चपला झिजल्या. शेवटी ट्रंकेतलं वाटणीपत्र कामाला आलं. त्यात विहिरीच्या पाळीचे वारसुद्धा लिहिलेले. २०२३ ला महाराष्ट्रात शिंदे समिती कुणबी नोंदी शोधायला लागली तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची कशी शोधाशोध झाली, आठवतंय ना? सीमावाद सोडा हो, घरातली भांडणं मिटली तरी पुष्कळ.

जुनं खोड: कागद जपा, पण सरकारला देऊ नका. आपला हा दक्षिण मराठा मुलूख इंग्रजांच्या इनाम कमिशननं पोळलेला आहे. १८५२ च्या कायद्यानं सनदा दाखवा म्हणाले, ज्यांना पुरावा देता आला नाही त्यांची इनामं गेली.

खानापूरकर: म्हणजे कागद नव्हता म्हणूनच गेली ना?

जुनं खोड: ज्यांनी दाखवला त्यांच्याही कागदात खोट काढली, बाबा. तपासणारे तेच, ठरवणारेही तेच. शिवाय तीस वर्षांपुढचा मूळ कागद योग्य ताब्यातून आला तर कोर्टाला तो खरा धरता येतो. वाटणीपत्र, खरेदीखत घरातच ठेवा. फोटो काढून कुणालाही द्या.

रोखठोक: हे पटलं. भाताचा हिशोब मात्र खुशाल द्या, त्यावर कोण दावा लावतंय!

विहीरवाला: अहो, कुणाचं शेत कुठल्या साली पिकलं नाही, ते त्या उसन्या भातातच कळतं. खानापूरकर, वाळवीचा रुमाल ओढून उलगडू नका. चिकटपट्टी नको, लॅमिनेशन तर मुळीच नको.

खानापूरकर: बरं झालं सांगितलंत. चुलतभाऊ आजच लॅमिनेशनवाल्याकडं निघाला होता. त्याला स्टँडवरून परत बोलावलंय.