मुरमांचे डाग आणि डोळ्यांखालचा काळेपणा

सदाफुली: हनुवटीवरची पुटकुळी बसते, पण काळा डाग महिनोन्‌महिने हटत नाही. शेजारच्या काकू म्हणतात लिंबू चोळ. रात्री अडापलीन, म्हणजे मुरमांवरचं औषध, लावते. तेच डोळ्यांखाली चालेल का?

घाटावरची: लिंबू आमटीत पिळ गं, तोंडावर नको! डोळ्यांखाली अडापलीन अजिबात नको, तिथली कातडी पातळ, नुसती सोलवटून निघते. वाटाण्याएवढं अख्ख्या चेहऱ्याला पुरतं. दिवसा निदान ३० एसपीएफचं सनस्क्रीन हवंच, नाहीतर डाग गडदच होणार. आणि दिवस राहिले असतील तर अडापलीन बंद.

कट्टेकरी: मेडिकलमधून 'उजळ करणारी' ट्यूब आणू नका. माझ्या बहिणीचा चेहरा आधी उजळला, मग लालभडक, वर बारीक पुरळ. ट्यूबवर मुंगीएवढ्या अक्षरांत मोमेटासोन लिहिलेलं, म्हणजे स्टिरॉइड! शेवटी त्वचेच्या डॉक्टरांकडेच जावं लागलं.

सदाफुली: अगंबाई, तसलीच ट्यूब आमच्या कपाटात आहे. आणि डोळ्यांखालचं?

घाटावरची: खिडकीशी आरसा धर, मान वर करून उजेडाकडे बघ. काळेपणा गेला तर ती खळग्याची सावली, क्रीमने जायची नाही. राहिला तर कातडीचा रंग. आधी डोळे चोळणं थांबव.