प्रतिसाद: जपान एका रात्रीत मोठा झाला नाही

रग्बी विश्वचषकात '२०१५ मध्ये जपानला लॉटरी लागली', म्हणजे त्यांचं यश निव्वळ नशिबाचं, हे एका वाचकाचं मत काही पटलं नाही. त्याआधीचं १९९५ आठवा. ब्लोमफाँटेनला न्यूझीलंडने त्यांना १४५-१७ असं धुतलं होतं. विश्वचषकात तोवर त्यांचा एकच विजय, १९९१ मध्ये झिम्बाब्वेवर. पुढचा मिळायला २४ वर्षं गेली.

आणि तो मिळाला थेट दक्षिण आफ्रिकेविरुद्ध, ब्रायटनला! शेवटच्या क्षणी २९-३२ अशी पिछाडी, हातात पेनल्टी. गोलावर किक मारून बरोबरी साधा, असं प्रशिक्षक एडी जोन्स यांचं म्हणणं होतं. कर्णधार मायकेल लीचने मात्र विजयासाठी स्क्रम (दोन्ही संघांचे खेळाडू एकमेकांना भिडून चेंडूसाठी रेटारेटी करतात तो) मागितला. कार्न हेस्केथने कोपऱ्यात ट्राय केला (गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवला, त्याचे पाच गुण), ३४-३२. (मला विचाराल तर मी गुपचूप किकच मारली असती.)

गंमत म्हणजे तीन सामने जिंकूनही ते गटातच बाद झाले. २०१९ ला घरच्या मैदानांवर आयर्लंड, स्कॉटलंडला हरवून प्रथमच उपांत्यपूर्व फेरी गाठली. तिथे दक्षिण आफ्रिकेने २६-३ असा हिशेब चुकता केला. २०२३ ला पुन्हा गटातूनच परत.