गेटच्या बाहेर तुमच्या सोसायटीने काय केलं? अनुभव लिहा

वसंत विहार, ठाणे

सोसायटीची वार्षिक सभा म्हटली की गळती, पार्किंग, सिंकिंग फंड आणि थकबाकीदारांची यादी. ते व्हायलाच हवं. पण ठाण्यात आणि नवी मुंबईत कितीतरी सोसायट्यांनी कंपाउंडपलीकडच्या वस्तीसाठी, रस्त्यासाठी, शाळेसाठी काम केलंय आणि त्याची खबर शेजारच्या सोसायटीलाही नसते. म्हणून हा धागा. काय केलं, पैसे कुठून आले, विरोध कशावरून झाला आणि आज ते चालू आहे का, हे लिहा. बंद पडलं असेल तर तेही जरूर लिहा, इतरांना त्याचाच जास्त उपयोग होईल.

सुरुवात मी करते. आमचा हॉल बारसं, हळदीकुंकू आणि सत्यनारायण सोडले तर वर्षभर कुलपात असायचा. मागच्या वस्तीत दहावी-बारावीची मुलं एका खोलीत, टीव्हीच्या आवाजात अभ्यास करत होती. संध्याकाळी हॉलची अभ्यासिका करायचा ठराव मांडला तेव्हा सभेत बराच वाद झाला. वीजबिल कोण भरणार, काही चोरीला गेलं तर जबाबदारी कोणाची, 'बाहेरची' मुलं आत कशी सोडायची. शेवटी ठराव झाला तो दोन अटींवर: मेंटेनन्समधून पैसा घ्यायचा नाही, फक्त ऐच्छिक वर्गणी आणि तिची वेगळी पावती, आणि सोसायटीतली मुलंही तिथेच बसून अभ्यास करतील.

ही दुसरी अट एका आजोबांनी सुचवली होती आणि अभ्यासिका टिकली ती तिच्यामुळे. आपला नातू त्याच बाकावर बसतोय म्हटल्यावर पंखे, दिवे, पिण्याचं पाणी यांची काळजी आपोआप घेतली गेली. तरी सुरुवातीला वस्तीतली मुलं येईनात. कारण गेटवर होतं. वॉचमन रोज नाव, नंबर, 'कुणाकडे जायचं' विचारायचा. मुलांना सोसायटीच्या शिक्क्याची ओळखपत्रं दिली आणि तो प्रश्न मिटला. मुलींच्या आया म्हणाल्या, नऊ वाजता अंधारात परत कशा येतील? वेळ साडेआठ केली आणि शेवटी निघणाऱ्या मुलींना कोपऱ्यापर्यंत सोडायला दोन काकू जाऊ लागल्या. आजही जातात.

नेरूळ

आमचा अनुभव ओल्या कचऱ्याचा. आम्ही सुरुवात केली तेव्हा लागू असलेल्या २०१६ च्या घनकचरा नियमांनुसार पाच हजार चौरस मीटरहून मोठ्या संकुलांनी ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायचा होता. आम्ही खतासाठी विटांचे हौद बांधले. पहिल्या पावसाळ्यात असा वास सुटला की तळमजल्यावरच्या लोकांनी अर्ज दिले. नुसत्या ओल्या कचऱ्यात हवा खेळत नाही, तो सडतो. त्याला जवळपास तेवढाच सुका पालापाचोळा लागतो आणि दर दोन-तीन दिवसांनी ढवळणं लागतं. आमच्याकडे झाडं कमी, पाला आणायचा कुठून?

रस्त्यावर पर्जन्यवृक्षांची रांग आहे. झाडणाऱ्या मावशी पाला पोत्यात भरून ठेवायच्या आणि तो कचऱ्याच्या गाडीत जायचा. त्यांच्याशी आणि त्यांच्या मुकादमाशी बोललो, आता पोती आमच्या गेटपाशी येतात. मावशींना उन्हात बसायला जागा नव्हती. त्यांच्यासाठी गेटच्या आत सावलीत बाक, पाण्याचा नळ आणि स्वच्छतागृहाची किल्ली, एवढं केलं. हे करायला आम्हाला पाल्याची गरज पडावी लागली, याचं वाईट वाटतं.

पुढची गोष्ट ठरवून झाली नाही. समोरच्या रो-हाउसमध्ये खताला जागा नाही, तिथल्या बायका विचारायला आल्या, आमची बादली आणू का? आता त्यांचाही कचरा येतो. तयार खत निम्मं त्यांच्या कुंड्यांना, निम्मं पालिका शाळेच्या बागेला. पहिलं पोतं शाळेत नेलं तेव्हा मुलांना ते भाजीच्या देठांपासून झालंय हे खरंच वाटेना, मग पाचवीचा वर्ग हौद बघायला आला.

स्वच्छ सर्वेक्षणात नवी मुंबई २०२० मध्ये देशात तिसरी आली होती. अशा क्रमांकाचे फलक लागतात तेव्हा मला पहाटेच्या या मावशी आठवतात.

कोपरखैरणे

आमच्याकडे घरकामाच्या ताईंसाठी शिबिर घेतो. सविस्तर लिहिते, कारण हे कुठल्याही सोसायटीला जमण्यासारखं आहे.

आमच्या विंगमध्ये पोळ्या करणाऱ्या एक ताई बसमधून उतरताना पडल्या. पायाचं ऑपरेशन झालं, काही महिने काम बंद. सगळ्यांनी मिळून मदत केली, पण ती मदत आमच्या मर्जीवर होती, त्यांच्या हक्काची नव्हती. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेला वर्षाला वीस रुपये लागतात. अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्व आलं तर दोन लाख मिळतात. ताईंच्या दुखापतीला ती योजना लागू झाली नसती, पण त्या निमित्ताने समजलं की आमच्याकडे येणाऱ्या ताईंपैकी फार थोड्यांकडे हा विमा होता. ई-श्रम कार्ड, म्हणजे असंघटित कामगारांच्या सरकारी नोंदणीचं कार्ड, याबद्दल तर बहुतेकींनी ऐकलंही नव्हतं.

पहिलं शिबिर रविवारी सकाळी ठेवायचं ठरत होतं. ताईंनीच सांगितलं, वहिनी, रविवारी सकाळी तर सगळ्यांकडे पाहुणे असतात, आम्हाला कोण सोडणार? मोकळा वेळ दुपारी दोन ते चार, तोही आठवड्याच्या मधल्या दिवशी. त्याप्रमाणे ठेवलं आणि हॉल भरला.

सर्वात जास्त वेळ फॉर्ममध्ये नाही, कागद जुळवण्यात जातो. आधारवर माहेरचं नाव, बँकेत सासरचं. आधारला जोडलेला मोबाइल नंबर केव्हाच बंद पडलेला किंवा नवऱ्याच्या फोनवर, आणि ओटीपी तिकडे जातो. म्हणून शिबिराच्या दोन आठवडे आधी एक दिवस फक्त कागद तपासायला ठेवा. कोणाला आधार केंद्रात जायचंय, कोणाला बँकेत, हे तेव्हाच कळतं. ज्या दिवशी ताई आधार केंद्रात जाईल त्या दिवसाचा खाडा धरायचा नाही, हे सभासदांकडून आधी कबूल करून घ्या. आमच्या सेक्रेटरीने तसं परिपत्रकच काढलं.

सगळ्यात महत्त्वाचं: या विम्याचं वर्ष १ जून ते ३१ मे असतं. हप्ता खात्यातून आपोआप कापला जातो, पण खात्यात तेवढे पैसे नसले तर विमा बंद पडतो आणि कोणी सांगायला येत नाही. म्हणून मेच्या पगाराच्या वेळी आमच्या प्रत्येक लिफ्टमध्ये कागद लागतो: 'ताईंच्या खात्यात वीस रुपये आहेत का, विचारा.' वॉचमन, गाडी धुणारे, इस्त्रीवाले भैया, सगळे आता या यादीत आहेत. वय १८ ते ७० चालतं. ई-श्रमसाठी १६ ते ५९.

नौपाडा, ठाणे

आम्ही थोडक्यात. आमचं रक्तदान शिबिर पंधरा ऑगस्ट किंवा जयंतीला नसतं, मे महिन्यात असतं. रक्त साठवून ठेवता येतं ते जेमतेम पाच-सहा आठवडे, प्लेटलेट्स तर पाचच दिवस. सणावारी शिबिरांची गर्दी होते आणि मेमध्ये कॉलेजं बंद, लोक गावाला, म्हणून रक्तपेढ्यांत खडखडाट. थॅलेसेमियाच्या मुलांना दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागतं, त्यांना सुट्टी नसते. रक्तपेढीला विचारून तारीख घ्या, आपल्या सोयीने नको.

इमारत सध्या पुनर्विकासात आहे. सभासद कळव्यापासून डोंबिवलीपर्यंत भाड्याने पांगलेत. तरी शिबिराला येतात, शेजारच्या इमारतीने त्यांचा वाहनतळ दिलाय. पुरुषांनी दोन रक्तदानांत तीन महिने आणि बायकांनी चार महिने अंतर ठेवायचं. हिमोग्लोबिन साडेबारा हवं. आमच्याकडे बऱ्याच बायका त्यावरच परत जायच्या. आता एक डॉक्टर ताई फेब्रुवारीतच तपासणी करून गोळ्या आणि आहार सांगतात.

घोडबंदर रोड, ठाणे

दरवर्षी जुलैमध्ये येऊरच्या पायथ्याला रोपं लावायची, टोप्या घालून फोटो काढायचे आणि मार्चमध्ये तिथे काड्या उरलेल्या बघायच्या, हे आमच्याकडे एका तरुण सभासदाने सभेत ठामपणे थांबवायला लावलं. त्याचं म्हणणं, गेटबाहेर जी झाडं उभी आहेत ती आधी जगवू.

बघायला गेलो तर बुंध्यांना पेव्हर ब्लॉक आणि सिमेंट अगदी चिकटून, पाणी मुळाशी जायला वाटच नाही. लोखंडी पिंजरे कधीतरी लावलेले, झाड वाढलं आणि सळया सालीत रुतल्या. जाहिरातींचे खिळे वेगळेच. पालिकेच्या उद्यान विभागाला पत्र दिलं, परवानगी घेतली आणि बुंध्याभोवतीची जागा मोकळी करून घेतली. पिंजरे वेल्डरकडून कापून घेतले.

आता पाण्याचं. घोडबंदर पट्ट्यात उन्हाळ्यात टँकरशिवाय चालत नाही हे सगळ्यांना माहीत आहे. आणि त्याच संकुलांच्या सांडपाणी प्रकल्पातून शुद्ध केलेलं पाणी फ्लश आणि बाग भागवून उरतं ते नाल्यात जातं! हे मला फार लागतं. आम्ही गेटबाहेर नळ काढला, वर मोठ्या अक्षरांत 'पिण्यासाठी नाही'. दुभाजकावरच्या आणि रस्त्याकडेच्या झाडांना पाइपने पाणी जातं, समोरच्या बांधकामावरचा टँकरही ते भरून नेतो. क्लोरीनचा डोस आणि महिन्याची पाणी तपासणी मात्र चुकवू नका, नाहीतर वासाच्या तक्रारी येतात आणि योग्य कामही बदनाम होतं.

कळवा

आमचं बंद पडलं, म्हणून लिहितो. वस्तीतल्या मुलांसाठी वाचनालय होतं, पुस्तकं चांगली, मुलंही यायची. ते व्यवस्थापक समितीतल्या दोघांनी चालवलं होतं. समितीची पाच वर्षांची मुदत संपली, निवडणूक झाली, नवीन पॅनेल आलं आणि त्यांना ते 'जुन्या कमिटीचं काम' वाटलं. खोलीत आता भंगार आहे. पुस्तकं आम्ही दोन शाळांना वाटली. उपक्रम समितीच्या नावावर ठेवू नका. सर्वसाधारण सभेत ठराव करा, इतिवृत्तात नोंदवा आणि चालवणाऱ्यांत समितीबाहेरची निदान निम्मी माणसं घ्या.

ऐरोली

वसंत विहारच्या ताईंना प्रश्न: वर्गणी कमी पडली तर काय करता? आमच्याकडे दोन वर्षांनी उत्साह संपतो.

वसंत विहार, ठाणे

दादा, खर्च मुळात फार कमी ठेवलाय. वीज आणि वह्या, बस्स. वाढदिवसाला हॉल घेणारा सभासद भाड्यासोबत अभ्यासिकेसाठी स्वेच्छेने काही देतो, त्यात भागतं. कळव्याच्या दादांचा सल्ला मी आमच्या सेक्रेटरींना आजच पाठवला.

घणसोली

मी सोसायटीत राहत नाही, गावठाणात राहते. भिंतीच्या पलीकडून कसं दिसतं ते लिहावंसं वाटलं.

आमच्या सासऱ्यांची भातशेती होती तिथे आता टॉवर आहेत. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको महामंडळाने जमीन घेतली, पुढे तिच्या बदल्यात साडेबारा टक्के योजनेतला भूखंड मिळाला, तो सगळा इतिहास सगळ्यांना माहीत आहे. टॉवरची भिंत झाली तेव्हा गावातून शाळेकडे जाणारी पायवाट बंद पडली. लहान पोरं मोठ्या रस्त्याने, डंपरच्या शेजारून जाऊ लागली. मग सोसायटीची माणसं गावात आली आणि म्हणाली, आम्ही तुमच्यासाठी आरोग्य शिबिर घेतो. घेतलं, चांगलं झालं, डोळे तपासले, चष्मे दिले. पुढच्या वर्षी परत शिबिर. त्याच्या पुढच्या वर्षी शिवणक्लास.

शिवणक्लासच्या शेवटच्या दिवशी तिथल्या एक मॅडम आमच्यात येऊन बसल्या आणि त्यांनी विचारलं, तुम्हाला नक्की काय हवंय? आम्ही सगळ्याजणी एकदम बोललो, ते मागचं गेट उघडा. त्यांना अशी वाट होती हेच माहीत नव्हतं, त्या नंतर राहायला आलेल्या.

सोपं गेलं नाही. सोसायटीत सुरक्षेवरून दोन सभा झाल्या म्हणे. आमच्या महिला मंडळाने लिहून दिलं की गेट उघडं असेल तेव्हा आमची एक बाई तिथे उभी राहील, त्यांच्या वॉचमनच्या सोबत. शाळा भरताना आणि सुटताना गेट उघडतं. बायकांच्या पाळ्या लावल्यात, माझी पाळी गुरुवारी.

त्यानंतर बाकीचंही जमत गेलं. गौरी-गणपतीला त्यांच्या बायका आमच्याकडे नाच बघायला येतात. गल्ल्या अरुंद आहेत, बंब आत येत नाही, म्हणून त्यांच्या फायर ऑफिसरने आम्हाला सिलिंडर पेटला तर रेग्युलेटर कसा बंद करायचा, ओलं गोणपाट कसं टाकायचं, १०१ वर फोन केल्यावर पत्ता कसा सांगायचा ते प्रत्यक्ष शिकवलं. आमची पोरं न भिता करून बघत होती.

ज्यांना शेजारच्या वस्तीत काही सुरू करायचंय त्यांनी आधी तिथल्या बायकांना दुपारच्या वेळी भेटावं. शाळेच्या वाटेबद्दल, पाण्याबद्दल, दिव्याबद्दल विचारावं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी दिवा नव्हता, तो सोसायटीने पाठपुरावा करून पालिकेकडून लावून घेतला. आता दुसरा अर्ज गेलाय, गेटसमोर गतिरोधकासाठी. त्यावर त्यांच्या आणि आमच्या सह्या एकाच कागदावर आहेत.