समाजशास्त्रातील एम.ए. आणि सिकलसेलचा प्रश्न : अभ्यास व नोकरीची तयारी यांविषयी मार्गदर्शन हवे

उत्तर_नागपूर_विद्यार्थिनी

नमस्कार. मी नागपूर विद्यापीठात समाजशास्त्राच्या एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला शिकते आणि लघुप्रबंधासाठी सिकलसेल, म्हणजे आई-वडिलांकडून मुलांत येणारा रक्ताचा आजार, हा विषय घेतला आहे. आमच्या भागात तपासणी शिबिरे होतात आणि आपण वाहक (स्वतःला आजार नसला तरी तो पुढच्या पिढीला देऊ शकणारे) आहोत हे अनेकांना ठाऊकही असते, तरीही सोयरीक जुळवताना त्याविषयी कोणी बोलत नाही. आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते, ही माहिती आता बहुतेकांच्या कानावर गेलेली आहे. मग हे मौन का, हे मला समजून घ्यायचे आहे. वर्गात शिकलेले सिद्धांत या प्रश्नाला कसे लावावेत? आणि नेट-सेट देऊन प्राध्यापक होण्याखेरीज या विषयात कोणते काम मिळते, त्यासाठी आतापासून काय शिकावे? घरचे म्हणतात की एम.एस.डब्ल्यू. (समाजकार्यातील पदव्युत्तर पदवी) केले असते तर निदान नोकरी तरी लागली असती.

आरोग्य_संशोधक

ताई, विषय फार मोलाचा आहे, पण ‘लोक माहिती लपवतात’ असे गृहीत धरून सुरुवात केलीत तर मुलाखतींतूनही तेवढेच हाती लागेल. त्याऐवजी सोयरीक कशी ठरते ती प्रक्रिया टप्प्याटप्प्याने विचारा. बायोडाटा कोण तयार करते, मध्यस्थ कोणती चौकशी करतो, पाहण्याच्या कार्यक्रमाआधी काय बोलले जाते, तपासणीचा कागद घरात कोणाजवळ असतो आणि तो पाहण्याचा अधिकार कोणाला आहे, हे कळले की मौनाची जागा नेमकी दिसू लागते. एका मुलीचे वाहक असणे उघड झाले तर तिच्या धाकट्या बहिणींच्या स्थळांवरही परिणाम होईल, ही भीती जिथे असेल तिथे गप्प राहणे हा कुटुंबाने विचारपूर्वक घेतलेला निर्णय असतो, आणि अशा घरासाठी आणखी एक माहितीफलक लावून काहीही साधत नाही.

सिद्धांताबद्दल विचारलेत, तर समाजशास्त्रज्ञ एर्विंग गॉफमन यांनी 1963 मध्ये कलंकाविषयी केलेले विवेचन इथे थेट उपयोगी पडते. ज्याचा कलंक उघड झालेला आहे आणि ज्याचा उघड होऊ शकतो, अशा दोन व्यक्तींच्या अडचणी ते वेगळ्या मानतात. दुसऱ्या व्यक्तीची सारी धडपड माहिती कोणाला, केव्हा आणि किती सांगावी याभोवती फिरते. सिकलसेलच्या वाहकाला सहसा त्रास जाणवत नाही, त्यामुळे तो या दुसऱ्या वर्गात मोडतो, तर रुग्ण बहुधा पहिल्या वर्गात. तुमच्या मुलाखती या दोन गटांत वेगवेगळ्या वाचा. केंद्र सरकारने 2023 मध्ये सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले आणि 2047 चे उद्दिष्ट ठेवले आहे. तपासणी कोणत्या वयात करावी आणि तिचा निकाल कोणाच्या हाती द्यावा, हे ठरवताना अशाच अभ्यासाची गरज पडते.

कामाबद्दल सांगायचे, तर आरोग्य सर्वेक्षणे, मूल्यमापन करणाऱ्या संस्था आणि स्वयंसेवी संस्थांचे प्रकल्प यांना क्षेत्र संशोधक लागतात. प्रश्नावली तयार करणे, कोबो टूलबॉक्ससारख्या साधनावर ती मोबाइलवर भरून घेणे, एक्सेल पक्के करून नंतर एसपीएसएस किंवा आर ही आकडेवारीच्या विश्लेषणाची सॉफ्टवेअर शिकणे आणि मुलाखत शब्दशः उतरवून तिचे संकेतीकरण (मजकुरातील मुद्द्यांना विषयवार खुणा देणे) करणे, हे याच वर्षी शिकून घ्या. नोकऱ्या बहुतांशी कंत्राटी असतात आणि प्रकल्प संपला की काम संपते, हेही घरी आधीच स्पष्ट सांगितलेले बरे.

निवृत्त_अध्यापक_भंडारा

वरील उत्तराला एक मोठे क्षेत्र जोडतो. 2013 च्या भूसंपादन कायद्याने सामाजिक परिणाम मूल्यांकन, म्हणजे जमीन घेण्याआधी लोकांच्या जगण्यावर काय परिणाम होईल याचा अभ्यास, आणले, आणि त्या कायद्यानुसार बाधित कुटुंब म्हणजे केवळ सातबाऱ्यावर नाव असलेले कुटुंब नव्हे. संपादनापूर्वी तीन वर्षे ज्यांची उपजीविका प्रामुख्याने जंगलावर किंवा पाण्यावर अवलंबून होती, ते मासेमार आणि नावाडीही त्यात येतात. वैनगंगेवरील गोसीखुर्द प्रकल्पाची पायाभरणी 1988 मध्ये झाली, म्हणजे हा कायदा येण्याच्या कितीतरी आधी. नदीकाठच्या ढिवर (मासेमारी करणाऱ्या समाजातील) कुटुंबाचे नेमके काय बुडाले हे महसुली कागदावरून कळत नाही. त्यासाठी गावात राहून, वर्षभराच्या कामाचे चक्र समजून घेऊन नोंद करणारा माणूस लागतो, आणि ते शिक्षण आपल्या विषयात मिळते. रोजगार हमीच्या 2005 च्या केंद्रीय कायद्यातील सामाजिक अंकेक्षणाची, म्हणजे कामांची व खर्चाची गावकऱ्यांसमोर पडताळणी करण्याची, तरतूदही वाचा.

एम.एस.डब्ल्यू.ची तुलना मनातून काढून टाका, असे मी म्हणणार नाही. वैद्यकीय समाजसेवकासारख्या पदांना सहसा ती पदवी मागतात, तिथे समाजशास्त्राची एम.ए. बहुधा चालत नाही. संशोधन आणि मूल्यमापनाच्या कामात मात्र तुम्ही मागे नाही. केंद्रीय लोकसेवा परीक्षेला बसायचे असल्यास समाजशास्त्र हा वैकल्पिक विषय 500 गुणांचा आहे.

उत्तर_नागपूर_विद्यार्थिनी

दोघांचेही मनापासून आभार. एक शंका राहते. मुलाखती मी आमच्याच वस्तीत घ्याव्यात का? ओळख असल्यामुळे दारे लवकर उघडतील असे वाटते.

आरोग्य_संशोधक

दारे उघडतील, पण ज्या घरी उद्या तुमच्याच नात्यातील स्थळ जाऊ शकते, ते घर तुम्हाला खरे सांगणार नाही, आणि सांगितले तर त्या माहितीचे ओझे तुमच्यावर राहील. शेजारची, फारशी ओळख नसलेली वस्ती निवडा. ‘तुम्ही वाहक आहात का’ हा प्रश्न कोणालाही विचारू नका, कारण तुमच्या अभ्यासाला त्याची गरज नाही. सुनेची मुलाखत सासूसमोर घेऊ नका. लिहिताना नाव बदलणे पुरेसे नसते. ‘रेल्वेत नोकरी, तीन मुली, कोपऱ्यावरचे घर’ एवढ्या तपशिलावरूनही वस्तीतील माणूस कुटुंब ओळखतो, म्हणून असे तपशीलही बदला. संमतीपत्र सोप्या मराठीत लिहून, पहिल्या मुलाखतीपूर्वी मार्गदर्शकांना दाखवून घ्या.