मुलांना पिशवी उघडायला शिकवा

‘डी. फार्म.च्या (औषधनिर्माणशास्त्राच्या डिप्लोमाच्या) मुलांना रुग्णांशी बोलायला शिकवून काय उपयोग, ते डॉक्टरांचं काम,’ असं एकांनी म्हटलंय. मला ते अजिबात पटत नाही.

माझं गुहागर तालुक्यात मेडिकल आहे. गणपतीला आलेले चाकरमानी आईवडिलांसाठी महिन्या-दोन महिन्यांच्या गोळ्या ठेवून जातात. गेल्या वर्षी एक आजी चक्कर येते म्हणून आल्या. माझ्याकडे ट्रेनिंगला असलेल्या मुलीने त्यांना बसवलं, औषधांची पिशवी काउंटरवर रिकामी केली आणि पट्ट्यांच्या मागचं बारीक अक्षर वाचत गेली. इथल्या डॉक्टरांची अ‍ॅम्लोडिपिन, म्हणजे रक्तदाबाची गोळी, आणि मुंबईहून आलेलीही अ‍ॅम्लोडिपिन! कंपनी वेगळी, नाव वेगळं, म्हणून आजी दोन्ही घेत होत्या. डॉक्टरांना तिथल्या तिथे फोन केला, एक बंद झाली.

औषध समजावून सांगणं हे फार्मासिस्टचं काम असल्याचं २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्समध्येच आहे. डिप्लोमाला ५०० तासांचं प्रशिक्षणही सक्तीचं आहे. पण कित्येक मुलं दुकानात पाऊल न टाकता सही-शिक्का घेऊन जातात, याचं फार वाईट वाटतं.

या प्रशिक्षणातले काही दिवस तरी प्राथमिक आरोग्य केंद्रात, तेही भातलावणीच्या हंगामात द्यावेत. लेप्टो (उंदरांच्या लघवीने दूषित पाण्या-चिखलातून होणारा ताप) होऊ नये म्हणून डॉक्सिसायक्लिन ही अँटिबायोटिक गोळी दिली जाते, तेव्हा ‘जेवून, भरपूर पाण्याबरोबर घ्या, घेतल्यावर लगेच आडवं होऊ नका, लोहाची गोळी सोबत नको’ हे चिखलाच्या पायांनी घाईत आलेल्या बाईला सांगायचं आणि तिच्याकडून परत वदवून घ्यायचं, हे वर्गात बसून येत नाही.

तुमच्या भागात मेडिकलवाले अशी मुलं घ्यायला तयार आहेत का?